वेदविद्येकडून शेतविद्येकडे

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला आणि अमरावतीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते डॉ. पंजाबराव देशमुख ना कृषिशास्त्राचे पदवीधर होते, ना वैद्यकाचे. एडिंबरोची त्यांची पदवी संस्कृतची. ऑक्सफर्डने त्यांना डॉक्टरेट दिली ती वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावरील प्रबंधासाठी. शिवाय हाती बॅरिस्टरची सनद. इतकी विद्या पदरी घेऊन परतलेल्या माणसाने वकिली करावी, फार तर एखाद्या महाविद्यालयात वेद शिकवावेत, अशीच त्या काळाची अपेक्षा असणार. भाऊसाहेबांनी मात्र आयुष्याचा मोठा भाग बियाणे, माती आणि कास्तकाराच्या पोराचे शिक्षण यांत घातला.

२७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील शामराव, आई राधाबाई. पापळची शाळा संपली तेव्हा चांदूर रेल्वे गाठावे लागले, तेथून कारंजा, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल, पुढे पुण्याचे फर्ग्युसन आणि १९२० साली विलायत. शिक्षणाची प्रत्येक पायरी म्हणजे गावापासून आणखी एक मुक्काम दूर, हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता आणि पुढच्या साऱ्या खटाटोपाचे मूळ बहुधा त्यातच शोधावे लागेल. पापळहून ऑक्सफर्डला पोहोचणारा एखादाच; बाकीच्यांचे शिक्षण चांदूर किंवा कारंजा येण्यापूर्वीच संपत होते.

त्या काळी वऱ्हाडातील विद्यार्थ्याला जीवनाशी निगडित अशी शास्त्रे शिकायची तर कोठे जावे लागे, हे ध्यानात घेतले पाहिजे. शेतकी महाविद्यालय १९०६ पासून होते, पण ते नागपूरला. नागपूर विद्यापीठ स्थापन झाले १९२३ साली आणि त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड महाविद्यालय निघाले. वैद्यकाचे शिक्षण नागपूरच्या रॉबर्टसन वैद्यकीय शाळेत मिळे. पण प्रांतात विद्यापीठाची वैद्यकीय पदवी देणारे महाविद्यालय उभे राहण्यास १९४७ साल उजाडावे लागले. वऱ्हाडाला सोन्याची कुऱ्हाड म्हणण्याची जुनी रीत आहे. ते सोने म्हणजे कापूस. तो कापूस पिकविणाऱ्याच्या मुलाला कपाशीच्या रोगाचे शास्त्र शिकण्याची सोय मात्र त्याच्या आवाक्यात नव्हती.

१९२६ साली परतल्यावर त्यांनी आधी महाविद्यालय काढले नाही, वसतिगृह काढले. याचे महत्त्व शिक्षकवर्गाला वेगळे सांगण्याची गरज नाही. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले नाही, तर शाळेचे दार उघडे असूनही बंदच असते. अमरावतीच्या श्रद्धानंद छात्रालयात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहू व जेवू लागली. त्याच सुमारास अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली, तिच्या पाठीशी ते होते. १९२७ साली विमलाबाई वैद्य यांच्याशी त्यांनी केलेला विवाह आंतरजातीय होता. १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्षपद हाती येताच सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्याचे आणि प्राथमिक शिक्षण वाढविण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. वेदांचा अभ्यास केलेल्या या पंडिताने धर्माचा आधार विषमतेला कधी दिला नाही, हे आवर्जून नमूद केले पाहिजे.

१९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. मंत्रिपद जेमतेम तीन वर्षांचे. पण कर्जबाजारी शेतकऱ्याला सावकाराच्या तगाद्यातून सोडविणाऱ्या कर्ज लवादाच्या कायद्यासाठी त्यांनी याच काळात खटपट केली. कर्जाचा आणि शिक्षणाचा काय संबंध, असे वरवर वाटेल. सावकाराकडे शेत अडकले की पहिला बळी पडतो तो मुलाच्या शाळेचा, हे पापळमध्ये वाढलेल्याला शिकवावे लागत नव्हते. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. तिच्या शाळा तालुक्यातालुक्यांत पसरल्या, १९४६ साली अमरावतीत महाविद्यालय निघाले आणि कालांतराने शास्त्र, शेतकी व वैद्यक या तिन्ही शाखा तिने चालविल्या. शाळेपासून वरपर्यंत अशी साखळी जोडत जाण्यात दूरदृष्टी होती. नुसते वरचे टोक बांधून खालची पायरी रिकामी ठेवली असती, तर शहरातलीच मुले तेथे भरली असती.

घटना समितीचे सदस्यत्व आणि पुढे अमरावतीकरांनी तीनदा दिलेली खासदारकी येथे ओझरती सांगून पुरे. १९५२ ते १९६२ या दशकात केंद्रात शेतीचे काम त्यांच्याकडे होते. मिठाच्या पाण्यात टाकून जड बी निवडायचे, रोपे ओळीत लावायची, खताची मात्रा मोजून द्यायची, ही भातलागवडीची जपानी पद्धत त्यांनी मोहीम म्हणून देशभर नेली. यात गूढ काही नव्हते. पण बियाणे हा जिवंत पदार्थ आहे, त्याची पारख करता येते, ही प्रयोगशाळेतील गोष्ट चिखलात उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचविण्याचा तो प्रयत्न होता. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला आणि १९५९ च्या अखेरीस दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरविले. प्रदर्शनाचा थाटमाट पाहून नाके मुरडणारेही असतील. पण शेतकऱ्याने जगातील शेती डोळ्यांनी पाहावी, हा आग्रह काही चुकीचा म्हणता येणार नाही.

याच दशकाच्या शेवटी, १९६० साली, पंतनगरला देशातील पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. अध्यापन, संशोधन आणि ते ज्ञान शेतावर नेणारा विस्तार, ही तिन्ही कामे एकाच छपराखाली करणारी अमेरिकन सरकारी विद्यापीठांची घडण त्यामागे होती. असे विद्यापीठ वऱ्हाडात उभे राहिलेले पाहणे भाऊसाहेबांच्या नशिबी नव्हते. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

त्यानंतरचा इतिहास अकोल्याचा आहे. महाराष्ट्राचे कृषी विद्यापीठ कोठे असावे यावरून १९६७ साली विदर्भात मोठे आंदोलन पेटले, त्यात माणसांचे जीव गेले. १९६८ साली विद्यापीठ स्थापन झाले ते राहुरीचे. अखेर २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात वेगळे विद्यापीठ निर्माण झाले आणि त्याला पंजाबरावांचे नाव मिळाले. विद्यापीठासाठी, म्हणजे वर्गखोल्या, प्रयोगशाळा आणि प्रक्षेत्रे यांसाठी माणसांनी प्राण द्यावेत, अशी उदाहरणे थोडी. याला निव्वळ प्रादेशिक हेवा म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा पाहून यावा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या भागात भूगर्भातील पाणी खारट. ते पिकाला द्यावे तर जमीन बिघडते, माणसाने प्यावे तर प्रकृती. तेथील प्रश्न दुसऱ्या मातीवर बसून सुटणारा नव्हे. राहुरीचे शास्त्र आणि अकोल्याचे शास्त्र वेगळे नसते, हे खरे. पण राहुरीची माती आणि अकोल्याची माती वेगळी असते.

या विद्यापीठातून पीकेव्ही संकरित-२ सारखे कापसाचे वाण निघाले, पदवीधरांच्या पिढ्या बाहेर पडल्या. अमरावतीला १९८३ साली स्वतंत्र विद्यापीठ मिळाले; जीवशास्त्राच्या पदवीसाठी आता नागपूरच्या विद्यापीठाकडे पाहावे लागत नाही. पण हे पदवीधर गेले कोठे? त्यांच्यातले पुष्कळ स्पर्धापरीक्षांच्या रांगेत उभे राहिले. शेतीचे शास्त्र शिकून शेतीपासून सुटका करून घेणे, हा त्यांचा दोष म्हणावा की शेतीच्या भावाचा? दोष विद्यार्थ्यांवर टाकणे सोपे आहे. ज्या घरात कापसाचे पैसे खर्चालाही पुरत नाहीत, तेथील मुलाने सरकारी नोकरी शोधू नये, असे म्हणण्याचा अधिकार पगारदारांना तरी नाही.

बीटी कापूस २००२ साली आला. पुढे गुलाबी बोंडअळीने त्याला दाद देणे सोडले. २०१७ च्या खरिपात, फवारणी करता करता विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले. अळी कशामुळे मरेनाशी झाली, हा प्रश्न कीटकशास्त्राचा. कोणत्या रसायनांचे मिश्रण अंगावर उडाले आणि त्यावर उतारा काय, हा वैद्यकाचा. आणि ती औषधे कमरेएवढ्या नव्हे, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, उघड्या अंगाने, रोजंदारीवर कोण फवारत होते, हा प्रश्न ज्या माणसांचा, त्यांच्याच मुलांसाठी भाऊसाहेबांनी अमरावतीत छात्रालय काढले होते.