पाच प्रकारची वीज आणि एक बुकबाइंडर

मोबाइल चार्जिंगला लावताना ही वीज कोयनेच्या पाण्यातून आली, चंद्रपूरच्या कोळशातून की गच्चीवरच्या सोलर पॅनलमधून, असा प्रश्न आपल्याला पडतो का? नाही पडत. वीज ती वीज! पण दोनशे वर्षांपूर्वी हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. ज्यानं ते दाखवून दिलं, तो कॉलेजची पायरीही चढला नव्हता. त्याचं नाव मायकल फॅरेडे.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी त्याचा जन्म झाला. वडील आजारी, घरात चार भावंडं. शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि जेमतेम हिशेब. चौदाव्या वर्षी तो एका बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला. सात वर्षं तिथंच. पण पठ्ठ्या बांधायला आलेली पुस्तकं वाचूनही काढायचा! एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख वाचून तो झपाटला आणि घर्षणानं वीज तयार करणारं छोटं यंत्र त्यानं स्वतःच बनवलं.

१८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं त्याला हम्फ्री डेव्ही या बड्या शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरेडेनं नोट्स काढल्या, सुबक बाइंडिंग केलं आणि ते पुस्तक थेट डेव्हीकडे पाठवलं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला मदतनिसाची नोकरी लागली. डेव्ही दांपत्याबरोबर युरोप फिरायला मिळालं, पण श्रीमती डेव्हींनी त्याला घरगड्यासारखं वागवलं. सगळं सोडून परत जावं, असं त्याला वाटायचं. तो टिकून राहिला. या प्रवासात इटलीत त्याला बॅटरीचा जनक व्होल्टा भेटला. पुढे १८२४ साली फॅरेडे रॉयल सोसायटीवर निवडून आला, तेव्हा विरोधात होता तो खुद्द डेव्ही!

मग आलं १८३१ साल. २९ ऑगस्टला त्यानं एका लोखंडी कड्यावर दोन बाजूंना तारा गुंडाळल्या. एका तारेला बॅटरी जोडली, दुसरीजवळ चुंबकसुई ठेवली. बॅटरी जोडताच सुई हलली आणि पुन्हा जागेवर आली. बॅटरी काढताच ती उलट्या बाजूला हलली. म्हणजे गंमत नुसत्या चुंबकात नव्हती, बदलात होती. ऑक्टोबरमध्ये त्यानं तारेच्या गुंडाळीत चुंबक आत-बाहेर केला, तरीही वीज मिळाली. २८ ऑक्टोबरला मोठ्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवली आणि वीज सलग वाहू लागली. हाच जगातला पहिला जनरेटर.

सगळेच प्रयोग जमले असं नाही. चुंबकीय क्षेत्रात चकती फिरवून वीज मिळते, तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वाहणाऱ्या नदीतही ती मिळायला हवी, असा त्याचा हिशेब. १८३२ च्या जानेवारीत तो लंडनच्या वॉटर्लू पुलावर गेला आणि थेम्सच्या पाण्यात तारा सोडल्या. हाती भरवशाचं काहीच लागलं नाही.

पण आता नवा पेच उभा राहिला. घासून मिळणारी वीज, बॅटरीची वीज, चुंबकाची वीज, दोन धातूंचा जोड तापवून मिळणारी वीज आणि काही माशांच्या अंगातली वीज. या पाच वेगळ्या गोष्टी आहेत की एकच? अनेकांना त्या वेगळ्या वाटत होत्या. फॅरेडेनं सरळ प्रॅक्टिकल लावलं. झटका बसतो का? सुई हलते का? तार तापते का? ठिणगी पडते का? रसायनाचं विघटन होतं का? १८३३ मध्ये त्यानं याचा तक्ताच छापला. ज्या परिणामाचा पुरावा मिळाला नव्हता, तो रकाना त्यानं रिकामाच ठेवला. आपल्या जर्नलमध्ये रीडिंग ‘ॲडजस्ट’ करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं! तरीही निष्कर्ष स्पष्ट होता. वीज एकच, फरक फक्त तिच्या दाबाचा आणि प्रमाणाचा. घर्षणाच्या विजेत दाब प्रचंड पण प्रमाण अगदी कमी, बॅटरीत नेमकं उलट. १८३८ साली लंडनमध्ये जिवंत ईल मासा मिळाला, तेव्हा पाण्यात हात घालून त्यानं झटकेही खाल्ले आणि त्या विजेची ठिणगीही पाडून दाखवली.

उच्च गणित त्याला येत नव्हतं. त्याच्या कल्पनांना समीकरणांत बसवलं ते मॅक्सवेलनं. फॅरेडेनं ‘सर’ हा किताब नाकारला, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो गेला.

आज कोयनेत पाणी, चंद्रपुरात कोळशावरची वाफ, तारापूरला अणुभट्टीची वाफ आणि साताऱ्याच्या पठारांवर वारा, सगळे एकच काम करतात: फिरवण्याचं. चुंबक आणि तारेची गुंडाळी यांचा तोच १८३१ चा खेळ. सोलर पॅनलमध्ये काहीच फिरत नाही, तिथं प्रकाशच इलेक्ट्रॉनना हलवतो. पण वाट कुठलीही असो, सगळी वीज एकाच ग्रिडमध्ये मिसळते आणि तुमच्या चार्जरला काही फरक पडत नाही. का पडत नाही, हे त्या बुकबाइंडरच्या पोरानं एकेक रकाना भरत दाखवून दिलं होतं.