विश्लेषण : संगणकीय जीवशास्त्रात ‘सिस्टिम’ नेमके कशाला म्हणायचे? दा. ध. कोसंबींच्या चार पानांत उत्तर कसे सापडते?

वडवणी : वडवणी, धारूर, माजलगाव या पट्ट्यात कापसाच्या ओळींमध्ये तूर घेतली जाते आणि मर रोग आला की उभी झाडे वाळतात. या रोगाला दाद न देणारा गुण तुरीच्या कोणत्या गुणसूत्रावर, नेमका कुठे बसला आहे, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञ जनुकीय नकाशे तयार करतात. हे काम आता संगणकावर होते. त्या सॉफ्टवेअरमध्ये दोन जनुकांमधले अंतर कोणत्या सूत्राने मोजायचे, असा एक पर्याय निवडावा लागतो. त्या यादीत एक मराठी आडनाव आहे : कोसंबी. इतिहासाची पुस्तके वाचणाऱ्यांना हे नाव चांगले माहीत आहे. जीवशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ते कसे पोहोचले, हे फारसे कोणी सांगत नाही.

सिस्टिम म्हणजे काय, हा प्रश्न आधी का येतो?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला फळ्यावर तुटक रेषांचा एक चौकोन काढतात. आत ती सिस्टिम, बाहेर परिसर. पंप किंवा बॉयलर असेल तर ही रेषा कुठे काढायची, यावर कोणाचे भांडण होत नाही. सजीवाच्या बाबतीत तसे नाही. हृदय ही सिस्टिम धरायची, की त्यातली एक पेशी, की पेशीच्या आवरणातून आत-बाहेर जाणारे सोडियम-पोटॅशियमचे कण? रक्त किती पंप होते एवढेच विचारायचे असेल तर पूर्ण हृदय पुरते. एखाद्या औषधाने ठोके का बिघडतात हे विचारायचे असेल तर कणांपर्यंत उतरावे लागते. म्हणजे रेषा निसर्गाने आखून दिलेली नसते, ती प्रश्नावर ठरते.

दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे. नुसते भाग एकत्र मोजले म्हणून सिस्टिम होत नाही. एका भागात काही घडले की दुसऱ्या भागात काही घडण्याची शक्यता बदलली पाहिजे. ती बदलत नसेल तर तो फक्त ढीग. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४४ मध्ये हीच अट गणितात बसवली, तेव्हा संगणकीय जीवशास्त्र हा शब्दही रुळलेला नव्हता.

कोसंबी गणिताकडे कसे वळले?

जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातल्या कोसबेंचा. वडील धर्मानंद कोसंबी. बौद्ध धर्माच्या ओढीने घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घालणारे आणि पाली शिकून पंडित झालेले. हार्वर्ड विद्यापीठाने पाली ग्रंथांच्या कामासाठी त्यांना बोलावले होते. १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला निघाले तेव्हा दामोदर आणि मोठी बहीण माणिक यांनाही सोबत नेले. त्यामुळे मुलाचे शालेय शिक्षण बरेचसे केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे झाले आणि १९२९ मध्ये तो हार्वर्डमधून सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन भारतात परतला.

बनारस आणि अलीगढ इथे थोडा काळ शिकवून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले आणि १९४५ पर्यंत तिथे होते. भूमितीवरचे त्यांचे लेखन याच काळातले. १९३४ मध्ये पहिला रामानुजन स्मृती पुरस्कारही मिळाला. मात्र पुण्यात त्यांना दुसराच नाद लागला, जुनी नाणी तोलण्याचा.

नाण्यांचा जीवशास्त्राशी काय संबंध?

थेट संबंध नाही, पण विचाराची पद्धत तीच. प्राचीन आहत नाण्यांवर राजाचे नाव नसते, साल नसते. एक नाणे हातात घेतले तर ते काहीच सांगत नाही. कोसंबींनी एकेक नाणे सोडून पूर्ण साठा हा अभ्यासाचा विषय धरला. नाणे हातोहाती फिरते तसे झिजते. जे जास्त वर्षे फिरले त्याचे वजन जास्त घटते. तक्षशिलेच्या साठ्यातली नाणी तोलल्यावर त्यांना दिसले की मागच्या बाजूवर जितके ठसे जास्त तितके सरासरी वजन कमी. पद्धत बरोबर आहे ना, हे पाहायला त्यांनी तेव्हा चलनात असलेली नाणीही हजारोंनी तोलली. आज याला डेटा सायन्स म्हणून पगार मिळाला असता.

१९४३ चा त्यांचा एक शोधनिबंध याच वृत्तीतला आहे. वेडीवाकडी वक्ररेषा कमीत कमी मुख्य घटकांत कशी मोडायची, याची रीत त्यात आहे. पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने जी पद्धत जगभर पसरली, ती कोसंबींनी आधी मांडली होती, हे आता गणितज्ञ मान्य करतात.

१९४४ च्या चार पानांत काय होते?

लंडनच्या ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात ती छापली गेली. हेच नियतकालिक पुढे ‘ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’ झाले. प्रश्न असा होता. गुणसूत्र ही मण्यांची माळ समजा. संतती तयार होताना आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन माळा काही ठिकाणी एकमेकींशी तुकडे बदलतात. दोन मणी लांब असतील तर मध्ये अदलाबदल होऊन त्यांची ताटातूट होण्याची शक्यता जास्त. समजा १०० रोपांपैकी २० मध्ये ताटातूट झाली. मग दोन जनुकांमधले अंतर २० एकक म्हणायचे का?

नाही. कारण मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर दोन्ही मणी पुन्हा एकाच माळेत येतात आणि ती घटना मोजणीतून निसटते. खरे अंतर २० पेक्षा जास्तच असणार. किती जास्त?

ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये उत्तर दिले होते. त्यांनी धरले की प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र आहे. पावसाचा एक थेंब दुसऱ्याला विचारून पडत नाही, तसे. गणित सुटसुटीत होते. पण फळमाशीवरच्या प्रयोगांत त्याआधीच दिसले होते की एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी लगेच दुसरी सहसा होत नाही. वडवणीच्या स्टँडवरून बीडची एसटी नुकतीच सुटली असेल तर तिच्या पाठोपाठ लगेच दुसरी सुटेल, अशी अपेक्षा कोणी करत नाही. तासाभराने मात्र आधीच्या गाडीचा काही परिणाम उरत नाही.

कोसंबींनी हा अटकाव सूत्रात आणला. अगदी जवळच्या जागांमध्ये अटकाव जवळजवळ पूर्ण, अंतर वाढेल तसा तो कमी आणि फार लांबच्या जागांमध्ये शून्य. एवढे एकच गृहीतक. वरच्या उदाहरणात हाल्डेनच्या सूत्राने अंतर साधारण २५.५ सेंटिमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने २१.२. ताटातूट ३० टक्के असेल तर ४५.८ आणि ३४.७. ताटातूट ५ टक्केच असेल तर ५.३ आणि ५.०, म्हणजे नगण्य फरक. खुणा विरळ असलेल्या लांब गुणसूत्रावर मात्र असे फरक साठत जातात आणि नकाशा ताणला जातो.

माझ्या मते यातली खरी हुशारी कोसंबींनी काय सोडले, यात आहे. अटकाव कोणत्या रसायनामुळे होतो, हे १९४४ मध्ये कोणालाही माहीत नव्हते; डीएनएची रचना कळायला अजून ९ वर्षे होती. त्यांनी ते सगळे चौकोनाबाहेर ठेवले. आत ठेवला तो फक्त शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर होणारा परिणाम. अंतर मोजण्यापुरते तेवढे पुरले.

मग पुढे वाद का झाला?

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. पुणे-मुंबई असा डेक्कन क्वीनचा रोजचा प्रवास सुरू झाला. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेत गणनयंत्रे पाहायलाही गेले. पण त्यांचा चौकोन सहकाऱ्यांच्या चौकोनात मावत नव्हता. इतिहासाचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५६ मध्ये आला. त्यात आणि नंतरच्या लेखनात त्यांनी पोथ्यांच्या जोडीला पुण्याभोवतीच्या टेकड्यांवरची दगडी सूक्ष्म हत्यारे, धनगरांच्या वाटा, म्हसोबा आणि बोल्हाईची ठाणी हे सगळे एकाच अभ्यासात आणले. दुसरीकडे अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेवर भर द्यावा, असे ते उघड मांडत होते. भाभांच्या संस्थेत राहून हे सोपे नव्हते.

गणितातही अडचण होती. संख्याशास्त्राच्या वाटेने रीमानचे गृहीतक सिद्ध केल्याचा त्यांचा दावा, तोही कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापलेला, गणितज्ञांनी स्वीकारला नाही. तो दावा टिकला नाही, हे मान्यच करायला हवे. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. १९६४ पासून ते पुण्यातल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत मानद शास्त्रज्ञ होते. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय ५८.

आज हे सूत्र सगळीकडे चालते का?

चालत नाही, आणि म्हणूनच सॉफ्टवेअर विचारते. एका जातीच्या यीस्टमध्ये हा अटकाव आढळतच नाही; तिथे हाल्डेनचे स्वतंत्र थेंब जास्त बरोबर ठरतात. याउलट प्रयोगशाळेतल्या एका सूक्ष्म गोलकृमीत प्रत्येक गुणसूत्र-जोडीत साधारण एकच अदलाबदल होते, म्हणजे अटकाव जवळजवळ पूर्ण लांबीवर. पिकांमध्ये बहुधा मधली स्थिती असते. त्यामुळे तूर, हरभरा, ज्वारी यांच्या अनेक नकाशांत अंतर कोसंबींच्या सूत्राने दिलेले असते. नकाशावर मर रोग रोखणाऱ्या भागाजवळची खूण सापडली की रोपाच्या पानाचा तुकडा तपासून निवड करता येते. रोप वाळते की नाही, हे पाहायला पूर्ण हंगाम थांबावे लागत नाही.