वसंतराव नाईक

वसंतराव फुलसिंग नाईक (जन्म : गहुली, १ जुलै १९१३, मृत्यू : सिंगापूर, १८ ऑगस्ट १९७९) हे महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री होते. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी या पदाची धुरा सांभाळली. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांमध्ये त्यांची कारकीर्द सर्वांत दीर्घ ठरली. पुसदच्या नगराध्यक्षपदापासून पुढे आलेल्या या नेत्याचे नाव पंचायत राज्य आणि शेती या दोन विषयांशी कायमचे जोडले गेले आहे.

बालपण आणि शिक्षण

यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील गहुली हे बंजारा वस्तीचे लहानसे गाव. बंजारा तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात. वसंतरावांच्या घराण्याचे आडनाव त्यावरूनच आले. आजोबा चतुरसिंग यांनी हे गाव वसवले. वडील फुलसिंग शेती करीत. आईचे नाव होनूबाई. गावात शाळेची सोय नसल्याने वसंतरावांचे प्राथमिक शिक्षण आसपासच्या निरनिराळ्या गावी झाले. नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातून ते १९३८ साली पदवीधर झाले व १९४० साली त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. १९४१ साली वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांनी केलेला आंतरजातीय विवाह त्या काळी धाडसाचा होता.

पुसदचे नगराध्यक्ष

अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली काही काळ वकिली केल्यावर ते पुसदला परतले. १९४६ साली ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९५२ पर्यंत त्या पदावर राहिले. पाणी, दिवाबत्ती, रस्ते व सफाई या लोकांच्या रोजच्या गरजा नगरपालिकेपुढे येतात. उत्पन्न मात्र तोकडे असते आणि अंतिम अधिकार बहुधा वरच्या कचेरीत असतात. लोकशाहीच्या या सर्वांत खालच्या पायरीवर त्यांची सार्वजनिक जीवनातील सहा वर्षे गेली.

विधिमंडळात

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते पुसदमधून तत्कालीन मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून आले व महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. तेथे त्यांनी प्रथम सहकार व नंतर कृषी खाते सांभाळले. १९६० साली महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यावर ते महसूलमंत्री झाले.

पंचायत राज्य समिती

त्याच वर्षी राज्य सरकारने लोकशाही विकेंद्रीकरणासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ती नाईक समिती म्हणून प्रसिद्ध आहे. केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने गटपातळीवरील संस्थेवर भर दिला होता. नाईक समितीने मात्र जिल्हा परिषद हीच सर्वांत सबळ संस्था असावी, असे ठरवले. जिल्हाधिकाऱ्यास परिषदेबाहेर ठेवून लोकनियुक्त अध्यक्ष आणि प्रशासनासाठी स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी अशी रचना तिने सुचवली. समितीच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला व १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने व ग्रामीण रस्ते त्यांच्याकडे आले. राज्याच्या पुढील अनेक नेत्यांनी राजकारणाचे पहिले धडे याच परिषदांत गिरवले.

मुख्यमंत्रिपद

मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर, बाळासाहेब सावंत यांच्या अल्पकालीन कारभारापाठोपाठ, वसंतराव मुख्यमंत्री झाले. देश तेव्हा परदेशी धान्यावर विसंबून होता. संकरित बियाणे, विशेषतः संकरित ज्वारी, शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्यावर त्यांनी भर दिला. राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी व दापोली (१९७२) येथील कृषी विद्यापीठे त्यांच्याच काळात स्थापन झाली. कापूस एकाधिकार खरेदी योजनाही याच काळातील होय.

१९७२ च्या भीषण दुष्काळाने या धोरणाची कसोटी पाहिली. सरकारने रस्ते, पाझर तलाव व खडी फोडण्याची कामे काढून लाखो हातांना मजुरी पुरवली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना या काळात राज्यभर राबवली गेली. पुढे तिला कायद्याचे रूप मिळाले.

त्यांच्या कारकिर्दीवर टीकाही झाली. मुंबईत शिवसेनेच्या वाढीकडे त्यांनी काणाडोळा केला, असा आक्षेप विरोधक घेत. बॅकबे भागातील भूखंडवाटपही वादग्रस्त ठरले.

अखेरची वर्षे

फेब्रुवारी १९७५ मध्ये ते पायउतार झाले व शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. १९७७ साली देशभर काँग्रेसचा पराभव झाला, तरी ते वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. दोन वर्षांनी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक यांनीही पुढे मुख्यमंत्रिपद भूषवले.

महाराष्ट्रात १ जुलै हा त्यांचा जन्मदिन कृषिदिन म्हणून पाळला जातो. परभणीच्या कृषी विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले आहे.