न विभागलेल्या पेशीचा ध्यास

जळगावच्या शिवारात लागणारी केळीची बरीच रोपे आज प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढून येतात. या टिश्यू कल्चरची कल्पना ज्याने प्रथम मांडली, त्या गॉटलिब हाबरलांट यांना स्वतःला मात्र एकाही सुट्या पेशीपासून रोप करता आले नाही.

हाबरलांट यांचा जन्म १८५४ चा, हंगेरीतला. शिक्षण व्हिएन्नात झाले. पुढे ग्राझ आणि मग बर्लिन येथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्रत्येक पेशीत अख्खे झाड घडवण्याची क्षमता असावी, असा त्यांचा तर्क होता. त्यांनी पानातल्या हिरव्या पेशी सुट्या करून साखर आणि क्षारांच्या द्रावणात ठेवल्या. पेशी काही आठवडे जगल्या, आकाराने वाढल्या, त्यांत स्टार्चही साठला. पण एकही पेशी विभागली नाही. १९०२ मध्ये त्यांनी हे अपयश लपवून न ठेवता प्रसिद्ध केले. विभाजनासाठी बाहेरून काही रासायनिक चेतना हवी, त्यासाठी बीजातील भ्रूणाभोवतीचा द्रव वापरून पाहावा, असेही सुचवले.

पुढे १९१३ मध्ये बटाट्याच्या तुकड्यांवर प्रयोग करताना त्यांना आढळले की, अन्नरस वाहणाऱ्या ऊतीतून झिरपणारा पदार्थ पेशींना विभागायला लावतो. वनस्पतींतही संप्रेरके असतात, याचा हा सुरुवातीचा पुरावा.

त्यांचा मुलगा लुडविग डॉक्टर होता. गर्भार सशिणीचे अंडाशय दुसऱ्या मादीत बसवले की ती काही काळ गाभण राहत नाही, हे त्याने दाखवले. आज आम्ही लिहून देतो त्या गर्भनिरोधक गोळीचे मूळ या विचारात आहे. त्या काळी त्याच्यावर कडाडून टीका झाली. १९३२ मध्ये, अवघ्या ४७ व्या वर्षी तो गेला. वडील त्यानंतर बारा वर्षांहून अधिक जगले. जानेवारी १९४५ मध्ये, युद्धात होरपळणाऱ्या बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे तर्क नंतर खरे ठरले. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या ऊतीवर दाखवले की, ऑक्सिन जास्त असेल तर मुळे फुटतात, सायटोकायनिन जास्त असेल तर कोंब येतात आणि दोन्हींचा तोल राहिला तर नुसता पेशींचा गोळा वाढतो. १९५८ मध्ये स्टुअर्ड यांनी गाजराच्या पेशींपासून रोपे वाढवली. त्यांच्या द्रावणात नारळपाणी होते, म्हणजे बीजातला भ्रूण पोसणारा द्रवच!

तरीही एकच द्रावण सर्वांना लागू पडत नाही. त्याच मात्रेत एका वाणाला भराभर कोंब येतात, तर दुसरा काळा पडतो. कारण संप्रेरकाला प्रतिसाद कसा द्यायचा हे त्या वाणाची जनुके ठरवतात. औषधाचा डोस एकाला मानवतो, दुसऱ्याला नाही, हा आमचा रोजचाच अनुभव. म्हणून प्रत्येक वाणासाठी मात्रा नव्याने तपासावी लागते. हाबरलांट यांच्या पेशी विभागल्या नाहीत, पण त्या का विभागल्या नाहीत, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. बाटलीतले केळीचे रोप त्याच प्रश्नाचे उत्तर आहे.