आल्ब्रेख्त ड्यूरर

आल्ब्रेख्त ड्यूरर (२१ मे १४७१ – ६ एप्रिल १५२८) हा जर्मन चित्रकार व मुद्राचित्रकार होता. ग्रंथसजावटीचे साधन समजल्या जाणाऱ्या काष्ठठशाला त्याने स्वतंत्र कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली.

जीवन
न्यूर्नबर्ग येथे एका सोनाराच्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडिलांकडे सोनारकाम शिकल्यावर १४८६ मध्ये तो मिखाएल वोल्गेमुट या चित्रकाराकडे उमेदवारी करू लागला. तेथे ग्रंथांसाठी काष्ठठसेही तयार होत. १४९४ मध्ये आग्नेस फ्राय हिच्याशी त्याचा विवाह झाला. १५०५ ते १५०७ या काळात तो व्हेनिसमध्ये राहिला.

काष्ठठसे
बायबलमधील युगान्तावर आधारित १५ काष्ठठशांची ‘अपोकॅलिप्स’ ही मालिका त्याने १४९८ मध्ये स्वतःच प्रकाशित केली. रंगचित्र एकाच ग्राहकाला विकता येई. ठशाच्या मात्र अनेक प्रती निघत व आग्नेस त्या जत्रांमध्ये विकत असे. त्यामुळे आश्रयदात्यावरील त्याचे अवलंबित्व कमी झाले. मात्र, कीर्तीबरोबर नकलाही वाढल्या. मार्कांतोनियो राइमोंदी याने ड्यूररच्या ठशांच्या नकला त्याच्या नाममुद्रेसह ताम्रपटावर कोरल्या. १५११ च्या आवृत्तीत ड्यूररने नक्कल करणाऱ्यांना सम्राटाच्या संरक्षणाचा हवाला देऊन ताकीद दिली.

गुजरातच्या सुलतानाने भेट दिलेला गेंडा पोर्तुगीजांनी गोव्याहून लिस्बनला पाठवला होता. तो प्रत्यक्ष न पाहता, केवळ वर्णन व रेखाटनावरून ड्यूररने १५१५ मध्ये ‘गेंडा’ हा ठसा केला. त्यातील चिलखतासारखी कातडी व पाठीवरचे जादा शिंग काल्पनिक असूनही युरोपात दीर्घकाळ हेच चित्र प्रमाण मानले गेले.

अखेरचा काळ
१५२६ मध्ये त्याने ‘चार प्रेषित’ ही रंगचित्रे न्यूर्नबर्गच्या नगरपरिषदेला अर्पण केली. मानवी देहाच्या प्रमाणबद्धतेवरील त्याचा ग्रंथ मृत्यूनंतर त्याच वर्षी, १५२८ मध्ये, प्रसिद्ध झाला.