ऑलिव्हेर हालाशी
ऑलिव्हेर हालाशी (३१ जुलै, १९०९ - १० सप्टेंबर, १९४६) हे हंगेरीचे वॉटर पोलो खेळाडू व जलतरणपटू होते. बालपणी ट्रामच्या अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली तुटला. वॉटर पोलोत तळाला पाय टेकण्यास मनाई असते. पायांच्या बळावरच तरंगत राहावे लागते. म्हणूनच त्यांचे यश असामान्य ठरते.

पॅरिस (१९३१), माग्देबुर्ग (१९३४) व लंडन (१९३८) येथील युरोपीय अजिंक्यपद जिंकणाऱ्या हंगेरीच्या संघात ते होते. पॅरिसला तर १,५०० मीटर मुक्तशैली जलतरणातही, धडधाकट स्पर्धकांना मागे टाकून, त्यांनी सुवर्णपदक पटकावले. ऑलिंपिकमध्ये संघासोबत त्यांना १९२८ साली रौप्य, तर १९३२ व १९३६ साली सुवर्णपदक लाभले. महायुद्धोत्तर बुडापेस्टमध्ये लूटमारीच्या घटनेत, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्यांची हत्या झाली.