आकाशवाणीचा आठवडा बांधणारे केसकर

इंदूरच्या माळवा हाऊसमधून आकाशवाणीचे प्रक्षेपण २२ मे १९५५ रोजी सुरू झाले. शहराच्या पश्चिमेकडील सुदामा नगरसारख्या वसाहती पुढे वाढल्या आणि तेथील घरांतही या केंद्राचा ठरलेला क्रम रुजला. शेतकऱ्यांसाठी माळवी बोलीतील गप्पा, महिलांचा आणि मुलांचा राखीव वेळ, लोकगीते, भाषणे, नाटक आणि शनिवारी रात्री दिल्लीहून येणारी शास्त्रीय संगीताची मैफल. पणजी, पुणे, नागपूर येथील जुन्या श्रोत्यांनाही हा आठवडा ओळखीचा वाटेल. त्याला शिस्त लावण्यात ज्या एका माणसाचा मोठा वाटा होता, तो मराठी होता. लोकांच्या आठवणीत मात्र तो उरला, तो रेडिओवरची सिनेगीते बंद करणारा मंत्री म्हणून.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचा जन्म १९०३ साली पुण्यात झाला. काशी विद्यापीठात अध्ययन, पॅरिसमध्ये डॉक्टरेट, स्वातंत्र्यलढा, काँग्रेसचे काम आणि परराष्ट्र खात्याचे उपमंत्रिपद अशी वाट चालून ते १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुढची दहा वर्षे ते खाते त्यांच्याकडेच होते. शास्त्रीय संगीताचा त्यांना नुसता अभिमान नव्हता, जाणही होती. संस्थानांचा राजाश्रय संपल्यावर गवयांना जगवायचे असेल तर ते काम रेडिओनेच केले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

त्या धारणेतून दोन गोष्टी निघाल्या. पहिली उभारणीची. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये आणि रेडिओ संगीत संमेलन १९५४ मध्ये सुरू झाले. कलावंतांची चाचणी घेऊन श्रेणी ठरवण्याची पद्धत आली. तिची धुरा श्रीकृष्ण रातंजनकरांसारख्या पंडिताकडे असूनही नामवंत गायक-वादक संतापले, आणि त्यांचा संताप अगदीच अस्थानी नव्हता. आयुष्यभर मैफली गाजवलेल्यांनी पुन्हा परीक्षेला का बसावे? दुसरीकडे साहित्यिकांना केंद्रांवर मानाने बोलावण्यात आले. पुणे केंद्रात आपले बा. भ. बोरकर होते, व्यंकटेश माडगूळकर ग्रामीण कार्यक्रम पाहत होते. याच केंद्रावर सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९५५ पासून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, दर आठवड्याला एक नवे गीत, वर्षभरात छप्पन्न. याचे श्रेय केसकरांना देणे चुकीचे ठरेल, पण असा प्रयोग ज्या वातावरणात झाला ते त्यांच्या काळातले होते.

दुसरी गोष्ट नकाराची. सिनेगीतांचा वेळ त्यांनी कापला आणि गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरवून थांबवले. निर्मात्यांनी प्रसारणाची परवानगीच काढून घेतली. श्रोत्यांनी वाद घातला नाही. त्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. डिसेंबर १९५२ मध्ये तेथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ आकाशवाणीच्या हातून निसटली. आठवडा सरकारने बांधायचा की ऐकणाऱ्याने, याचे उत्तर तेथेच मिळाले होते. केसकरांना ते मान्य करायला पाच वर्षे लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि सिनेगीते सन्मानाने परतली.

गोव्यात १९४६ पासून पोर्तुगीज राजवटीची एमिसोरा द गोवा होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा नभोवाणी खाते केसकरांकडेच होते. पणजीचे केंद्र आकाशवाणीच्या परिवारात आले आणि गोमंतकीयांच्या आठवड्यालाही तेच वळण लागले.

काही महिन्यांतच, १९६२ च्या निवडणुकीत, उत्तर प्रदेशातून लोकसभेवर जाणारे केसकर पराभूत झाले. नंतर त्यांनी नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्षपद सांभाळले. आकाशवाणीवर १९४० पासून असलेली हार्मोनियमबंदी त्यांनी दहाही वर्षे कायम ठेवली होती. ती १९७१ मध्ये शिथिल होऊ लागली तेव्हा ते हयात होते. १९८४ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले.